मिडी फाईल आणली की आधी सम शोधा

गणपती जवळ आले की सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी पेन ड्राइव्ह यायला लागतात. यंदा पहिला आणला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. "यात गाण्याची मिडी आहे. तेवढी माझ्या पट्टीत करून दे रे." मी साथ बँड-इन-अ-बॉक्स या सॉफ्टवेअरवर तयार करतो. मिडी आत घेतली की ते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, शोधून देतं, पण त्याआधी थोडी मशागत करावीच लागते.

मिडीत ध्वनी नसतो. कीबोर्डची कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच नोंद असते. म्हणून फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि एकेक चॅनेल, म्हणजे एकेका वाद्याची नोंद, सुटं ऐका. बास कुठे, चाल कुठे, हे कागदावर लिहून काढा.

मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि तो जायलाच हवा. काकूंचं गाणं दादऱ्यात, फाईलवर मात्र 4/4, म्हणजे बारला (तालाच्या एका खणाला) चार मात्रा, लिहिलेलं. सॉफ्टवेअर बारच्या रेघा पाहून कॉर्ड ठरवतं. रेघ चुकली की अर्धा हा कॉर्ड, अर्धा पुढचा, असं काहीतरी विचित्र हाती येतं. मी 3/4 केलं, म्हणजे दोन बारमध्ये दादऱ्याच्या सहा मात्रा बसल्या. मुखडा समेच्या दोन मात्रा आधी उचललेला होता, म्हणून सगळी फाईल एक मात्रा पुढे सरकवली. सम दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर आली. फाईल मेट्रोनोमशिवाय (लय धरून टिकटिक करणाऱ्या यंत्राशिवाय) वाजवलेली असेल आणि लय सतत हलत असेल, तर सरळ कानाने कॉर्ड लिहा. ते लवकर होतं.

आता कॉर्ड. शोधायला सांगण्याआधी चाल बंद करा, तानपुऱ्यासारखा सा-प धरून ठेवणारा ट्रॅक असेल तर तोही बंद करा. नाहीतर जाता जाता लागलेला प्रत्येक सूर कॉर्डमध्ये घुसतो. सुरुवातीला बारला एकच कॉर्ड मागा. तरीही संशय आला तर बास ऐका. सी मायनर सेव्हन आणि ई फ्लॅट सिक्स यांचे चारही सूर तेच असतात. बास सी वर आहे की ई फ्लॅटवर, त्यावरून निवाडा होतो. आपल्या भावगीतांत हा फरक फार मोलाचा आहे, गाण्याचा सगळा रंग त्याने बदलतो.

पट्टी बदलणं सोपं आहे. मूळ पेटीवरची काळी पाच, काकूंची पांढरी चार, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली. फक्त चॅनेल 10 ला हात लावू नका. 1991 च्या जनरल मिडी या आवाजांच्या ठरावीक यादीत ते तालवाद्यांचं चॅनेल आहे. तिथे प्रत्येक पट्टीचा क्रमांक म्हणजे एक वाद्य: 36 म्हणजे किक (मोठा ड्रम) आणि 38 म्हणजे स्नेअर (छोटा, खणखणीत ड्रम). दोन पट्ट्या वर सरकवलंत तर किकच्या जागी स्नेअर वाजेल. त्या यादीत तबला नाही, म्हणून अशा फाईलींत ठेका बऱ्याचदा बोंगो-कोंगावर असतो. तो मी काढून टाकतो आणि तबला आमच्या तबलजीकडूनच वाजवून घेतो.

चाल मात्र पुसू नका. मेलडीच्या ट्रॅकवर रीड ऑर्गनच्या आवाजात ठेवा, पेटीच्या जवळ जातो. काकू आठवडाभर त्या चालीबरोबर गातील. कार्यक्रमाच्या दिवशी तेवढा ट्रॅक बंद करायचा.