रोड बाईकचा हेडसेट बदलायचाय? ऑर्डर टाकायच्या आधी मोजून घ्या भो

हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतला बेअरिंगचा सेट, ज्यावर हँडल फिरतं. हँडल सरळ करताना मधोमध खाचेत बसल्यासारखं होतंय, हात सोडले की सायकल एका बाजूला जाते, किंवा कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना पुढचा ब्रेक दाबला की समोरून टक-टक येतं, तर बहुतेक हेडसेट गेलाय. बहुतेक अशासाठी म्हणतो की तीच टकटक ब्रेकच्या कॅलिपरमधून येते, ढिल्या हबमधून पण येते, आणि लोक उगाच हेडसेट मागवून बसतात.

तर आधी चेक करा. पुढचा ब्रेक घट्ट धरा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमची पुढची नळी आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) जिथे मिळतात त्या फटीवर ठेवा आणि सायकल मागे-पुढे ढकला. बोटांखाली हलतंय का बघायचं. मग पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. हलतंय पण फिरताना लोण्यासारखं मऊ आहे, तर नुसतं ढिलं झालंय, खाली शेवटी अॅडजस्टमेंट दिलीय तेवढीच करा, खर्च शून्य. मधे खाच लागते किंवा खरखर येते तर बेअरिंग गेलं, मग कितीही आवळा उपयोग नाही, उलट जास्त आवळलं की खाच अजून जाणवते.

मधेच का खाच पडते? कारण धुळे-जळगाव सारख्या सरळ रोडवर तासन् तास हँडल फारसं वळतच नाही, छर्रे (बेअरिंगमधल्या गोळ्या) एकाच जागी थरथरत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि धातू घासतो. खालचं बेअरिंग आधी जातं, कारण दणके तिथेच बसतात आणि टायरने उडवलेलं पाणी, काळ्या मातीचा चिखल सगळा तिथेच जातो. त्यात लोक वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुतात, उरलंसुरलं ग्रीस पण गेलं. भुसावळच्या उन्हाला मात्र दोष देऊ नका, साधं लिथियम ग्रीससुद्धा १८० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही.

आता मेन मुद्दा, तुमच्याकडे कोणता हेडसेट आहे. स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) चिमट्याच्या नळीच्या आत घुसलेला असेल आणि वर मोठा षटकोनी नट असेल तर तो जुना आट्यांचा हेडसेट, १ इंची, त्याला ३२ नंबरचे चपटे पाने लागतात. स्टेम नळीला बाहेरून कवटाळून बसला असेल आणि वर एकच एलन बोल्टवाली टोपी (टॉप कॅप) असेल तर थ्रेडलेस, म्हणजे बिन-आट्यांचा, आजच्या जवळपास सगळ्या रोड बाईकना हाच असतो. त्यातही तीन प्रकार. कप (बेअरिंगच्या वाट्या) फ्रेमच्या बाहेर दिसतात तो ईसी, कप आत दाबलेला आणि बाहेर फक्त बारीक कड दिसते तो झेडएस, आणि कपच नाही, बेअरिंग सरळ फ्रेममध्ये बसतं तो आयएस. त्यापुढचा आकडा म्हणजे फ्रेमच्या भोकाचा एमएममधला व्यास, म्हणजे ईसी ३४, झेडएस ४४, आयएस ४२ वगैरे. टेपर्ड चिमटा (नळी खाली जाड, वर बारीक) असेल तर वरचं आणि खालचं बेअरिंग वेगळ्या साईजचं निघेल, दोन्ही वेगवेगळी मोजा.

आयएसवाल्यांना पूर्ण हेडसेट बदलायची गरज सहसा पडत नाही, फक्त बेअरिंग बदलली की काम झालं. जुनं काढून पुसलं की त्यावर साईज आणि ३६/४५ किंवा ४५/४५ असे आकडे कोरलेले दिसतात, ते कडांच्या उताराचे कोन आहेत, ते जुळलेच पाहिजेत. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियर लावा, कारण ४१ आणि ४१.८ एमएम अशा दोन साईज येतात आणि डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. एमआयडीसीतल्या बेअरिंगच्या दुकानात जायचा मोह होईल, पण मोटरपंपाच्या बेअरिंगला असे उतरते काठ नसतात, ते चालणार नाही, ऑनलाईनच मागवा.

खोलायचं कसं ते सोपं आहे. पुढचं चाक काढा, टॉप कॅपचा बोल्ट काढा, मग स्टेमच्या बाजूचे बोल्ट ढिले करा, चिमट्याला खालून हात द्या नाहीतर तो खाली पडेल, स्टेम वर ओढून हँडल केबलसकट फ्रेमला चिंधीने बांधून ठेवा. स्पेसर, रिंगा, सील जसे निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि फोटो काढा, हा फोटो नंतर फार कामाला येतो. ज्या नव्या सायकलींत ब्रेकचे पाईप हेडसेटमधूनच आत जातात त्यांना मात्र हात लावू नका, तिथे पाईप सोडा आणि ब्लीड करा (आतली हवा काढा) असं सगळं येतं, चांगल्या वर्कशॉपला द्या.

कपवाला हेडसेट असेल तर कप ठोकून काढायचे. वरचा कप काढायला खालून लांब सपाट तोंडाचा रॉड घालून कपच्या काठावर टेकवा आणि थोडं इकडे थोडं तिकडे असं ठोका, एकाच बाजूने ठोकला की कप तिरका होऊन फ्रेमची नळी ओरबाडतो. खालच्या कपला वरून. फ्रेम कार्बनची असेल तर हातोडी कपाटात ठेवा आणि मेकॅनिककडे जा.

चिमट्यावरची क्राऊन रेस (खालचं बेअरिंग जिच्यावर बसतं ती रिंग) पण बदला, जुनी ठेवून फक्त कप बदलले तर खाच तशीच राहते. तिच्या एका बाजूला चीर असेल तर हाताने निघते. चीर नसेल तर पातळ छिन्नीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हळू उचकटा. १ इंची जुन्या चिमट्यांत रेसची साईज २६.४ आणि २७.० अशा दोन येतात, मोजल्याशिवाय घेऊ नका, ०.६ एमएमने रेस एकतर लुळी बसते नाहीतर बसतच नाही.

बसवायला दुकानवाले प्रेस वापरतात. आपण हार्डवेअरच्या दुकानातून १२ एमएमचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि मोठे जाड वायसर आणायचे. नळी आतून रॉकेलने पुसा, पातळ ग्रीस लावा, एका वेळी एकच कप, वायसर कपच्या बाहेरच्या काठावर टेकवून नट हळूहळू आवळा आणि मधे मधे बघा कप सरळ जातोय का. तिरका वाटला तर लगेच थांबा, काढा, परत लावा. क्राऊन रेस ठोकायला पीव्हीसी पाईपचा तुकडा बेस्ट, आणि तो आपल्याकडे कुठल्याही केळीच्या शेताच्या बांधावर मिळतो. चिमट्याच्या नळीवरून आरामात सरकेल पण रेसच्या आतल्या काठावरच टेकेल असा, नळीपेक्षा लांब आणि तोंड सरळ कापलेला तुकडा घ्या. छर्रे जिथे फिरतात तिथे पाईप टेकता कामा नये.

बेअरिंगला आणि त्याच्या बैठकीला भरपूर ग्रीस, इथे कंजूसी नको. जुन्या प्रकारात छर्ऱ्यांची जाळी असते, ती उलटी बसली की फिरवताना घासते, लगेच कळतं. कार्बनच्या चिमट्याच्या नळीवर, स्टेम बसतो तिथे, मात्र ग्रीस अजिबात नाही.

आता अॅडजस्टमेंट, इथेच निम्मे लोक चुकतात. स्टेम चढवल्यावर चिमट्याची नळी स्टेमच्या (किंवा वरच्या स्पेसरच्या) काठापेक्षा साधारण ३ एमएम खाली पाहिजे, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही, मग तुम्ही आवळत राहता आणि खेळ (ढिलेपणा) तसाच. स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले ठेवून टॉप कॅप थोडी थोडी आवळा, प्रत्येक वेळी ब्रेक धरून ढकलून बघा, खेळ संपला की तिथेच थांबा. मग हँडल चाकाशी सरळ करा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा, स्टेमवर छापलेला आकडा बघून, साधारण ५-६ न्यूटन मीटर असतो. चिमटा स्टेमच पकडून ठेवतो, टोपीचं काम फक्त दाब देण्याचं, म्हणून स्टेम घट्ट असताना टोपी कितीही पिळली तरी काहीच होत नाही. आट्यांच्या हेडसेटमध्ये वरचा कप हाताने टेकवायचा, तो एका पान्याने धरून दुसऱ्याने लॉकनट (वरचा षटकोनी नट) आवळायचा, लॉकनट थोडं अजून दाबतोच म्हणून आधी किंचित ढिलं ठेवा.

पहिल्या राईडनंतर सगळं जरा बसतं आणि थोडा खेळ परत येतो, म्हणून लळिंग घाट वगैरे उतरायच्या आधी एक छोटी फेरी गावातच मारा, ब्रेक धरून परत ढकलून बघा आणि लागलं तर तीच अॅडजस्टमेंट पुन्हा करा.