वस्तऱ्याने दाढी शिकताय? आधी बोटांना तुरटी लावा

ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याने दाढी करताना नवशिक्याला कापतं ते बहुतेकदा कातडी सैल राहिल्यामुळे. फेसाने ओली झालेली बोटं गालावरून घसरतात आणि ताण सुटतो.

१. दुधारी ब्लेड कागदातच ठेवून लांबीत दुमडा, कट्‌कन दोन तुकडे होतात. एक वस्तऱ्यात बसवा.
२. तुरटीचा खडा ओला करून मोकळ्या हाताच्या बोटांवर चोळा. पकड येते. आता कानापाशी कातडी वर ओढून धरा.
३. पातं गालाशी साधारण ३० अंशात, केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात. जोर नको, वस्तऱ्याचं वजन पुरतं.

सुरुवातीला फक्त गाल. हनुवटी आणि ओठावरची जागा नेहमीच्या रेझरने उरका, त्यात कमीपणा कसला! वस्तराही महागडा नको, सलूनचं सामान विकणाऱ्याकडचा साधा स्टीलचा चालतो. फक्त ठाण्याच्या पावसाळ्यात तो बाथरूममध्ये ठेवू नका; पुसून कपाटात ठेवा, नाहीतर गंज धरतो.

आणि पातं सुरीसारखं आडवं कधीच सरकवू नका. खोल कापतं ते तसंच.