रातांब्यावर टॉर्चचा बल्ब पेटत नाही: वीज शिकवताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की लिंबं, बिमल्या, रातांबे (कोकमाची फळं) यांना खिळे टोचले जातात आणि टॉर्चचा बल्ब जोडला जातो. तो पेटत नाही. मग आणखी चार फळं, मग मीठ, आणि शेवटी पुठ्ठ्याखाली लपवलेला पेन्सिल सेल. ही लपवाछपवी मुलांना पहिल्या दिवशीच कळते.

टॉर्चच्या बल्बला २.५ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअर लागतात. फळाचा सेल ०.९ व्होल्टच्या आसपास देतो, पण प्रवाह जेमतेम एखादा मिलिअँपिअर. ओळीत फळं जोडत गेलात तर व्होल्ट वाढतात, प्रवाह नाही. म्हणून बल्ब सोडा, लाल एलईडी घ्या.

फळापेक्षा कोकमाचं आगळ (खारवलेला दाट रस) बरं. ते आंबट आहेच, शिवाय खारटही. चार प्लॅस्टिकचे पेले, प्रत्येकात ५० मिली आगळ, एक पत्र्याचा खिळा (जस्ताचा मुलामा असलेला, स्टेनलेस नको) आणि उघड्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. एका पेल्यातला खिळा पुढच्या पेल्यातल्या तांब्याला जोडायचा. एलईडीचा लांब पाय टोकाच्या तांब्याला, आखूड पाय टोकाच्या खिळ्याला. उजेड मंद असतो, हाताचा आडोसा करून बघा.

इथे घाई करणारे हमखास फसतात. पेले कशाला, म्हणून एकाच पातेल्यात आगळ ओततात आणि चारही जोड्या त्यात बुडवतात. मधल्या जोड्या मग आतल्या आत शॉर्ट होतात. तांब्यावर बुडबुडे येतात, खिळे झिजतात, आणि टोकांना मीटर ०.९ च्या पुढे हलत नाही. दोष आगळाला दिला जातो. बर्फाच्या ट्रेमध्येही तेच: एका खणातून दुसऱ्यात ओघळ गेला की सेल कमी झालाच. प्रत्येक पेला मीटरने वेगळा मोजल्याशिवाय एलईडी जोडायचाच नाही, ही सवय लावून घ्या.

आणि ‘फळात वीज असते’ असं फलकावर लिहू नका. ऊर्जा जस्ताच्या झिजण्यातून येते. आगळ वाट देतं. चिपळूणजवळच्या पोफळीच्या वीजघरातही वीज पाण्यात भरलेली नसते, वरून पडणारं पाणी टर्बाइन फिरवतं.

विद्युतचुंबक चालत नाही? दहातल्या नऊ वेळा तारेचं वार्निश खरवडलेलं नसतं. दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने घासा. दहा सेकंदांवर जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

नऊ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडू नका. मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर हवा. जुना-नवा सेल एकत्र नको. घरच्या सॉकेटमधून काही नाही, ‘एकदाच दाखवतो’ म्हणूनसुद्धा नाही.

किनाऱ्यावरच्या शाळांत अर्धे बिघाड खाऱ्या हवेचे असतात. होल्डरची स्प्रिंग गंजते, चिमट्यांना हिरवी बुरशीसारखी पूड धरते, आणि मुलं बिचारी तारा बदलत बसतात. आधी सगळे सांधे घासा. तास संपला की सेल होल्डरमधून बाहेर काढा आणि सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. प्रयोगातलं आगळ मात्र ओतून टाका, त्यात जस्त उतरलेलं असतं; सरबताला चालणार नाही.