अर्धवट सुटलेली दहावी: वस्तीतलं मदत केंद्र कसं चालवायचं

शाळा सुटून दहा-पंधरा वर्षं झालेली माणसं मदत केंद्राची पायरी चढतात तेव्हा "मला शिकायचंय" असं क्वचितच म्हणतात. "कंपनीत दहावीचा दाखला मागतायत", "अंगणवाडी मदतनीसला पण आता बारावी लागते म्हणे", असं काहीतरी विचारत येतात. अभ्यास नंतर अडतो, आधी कागद अडतो. फॉर्म भरून दिला की आपलं काम झालं, असं केंद्रवाल्यांना वाटतं आणि माणूस नेमका तिथून पुढे गळतो. म्हणून हे केंद्र फॉर्म भरण्यापुरतं न ठेवता निकालापर्यंत सोबत करणारं हवं.

त्यासाठी फार काही लागत नाही. वाचनालयाची खोली किंवा बचत गटाची जागा, एक टेबल, दोन कार्यकर्ते, आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा. बायकांना दुपारी दोन ते चार सोयीचं पडतं, कामावरून येणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतर. वेळ एकदा जाहीर केली की पाळायची. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही. प्रत्येकासाठी जाड वहीत एक अख्खं पान ठेवा: नाव, फोन, आज काय झालं, पुढचं काम कोणतं, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेला. शेवटचे तीन रकाने रिकामे राहिले तर बाकीच्या नोंदींचा काही उपयोग नाही.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

"शाळा का सोडली?" हा प्रश्न पहिल्या दिवशी टाळा. लग्न, आजारपण, घरातला मृत्यू, मारकुटे गुरुजी, काहीही असू शकतं, आणि ते चारचौघांत सांगायची लाज वाटते. आधी हे विचारा: शेवटची पास केलेली इयत्ता, शाळा आणि गाव, शाळा सोडल्याचं साल, शाळा सोडल्याचा दाखला घरी आहे का, कागद कशासाठी आणि कधीपर्यंत हवाय, वर्षातले कोणते महिने गावाबाहेर असता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहावीच्या परीक्षेला आधी कधी बसला होतात का.

या शेवटच्या प्रश्नावर पुढचा रस्ता ठरतो. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म हा कधीच परीक्षेला न बसलेल्यांसाठी आहे: दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण. जो बसला आणि नापास झाला तो पुनर्परीक्षार्थी. त्याचा अर्ज त्याच्या जुन्या शाळेमार्फत जातो. नापास माणसाला सतरा नंबर भरायला लावण्याची चूक सर्रास होते, आणि ती कळेपर्यंत मूळ अर्जाची मुदत निघून जाते.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. इथेही वय १४ लागतं. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकेक विषय सोडवत पुढे जाता येतं. राज्य मंडळात नापास झालेला काही विषयांत पास असेल तर त्यातले दोनपर्यंत विषय इकडे वर्ग करून घेता येतात, म्हणून जुनी गुणपत्रिका टाकून देऊ देऊ नका. एनआयओएसमध्ये गणित न घेताही दहावी होते. सोय मोठी आहे, पण पुढे पॉलिटेक्निकला जायचं मनात असेल तर हीच सोय आड येते. हे विषय निवडतानाच स्पष्ट सांगा.

समोर १४ वर्षांच्या आतलं मूल असेल तर या भानगडीत पडूच नका, त्याला सरळ शाळेत न्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून आठवीपर्यंत कोणतीही शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. आठवी पास आहे आणि घाई पोटापाण्याची आहे, त्याच्यासाठी आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर असे काही ट्रेड उघडे आहेत. दहावी हीच एक वाट आहे असं भासवू नका.

दाखला काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला असतो, भिजलेला असतो, नाहीतर कधी काढलेलाच नसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र नोंद असते. ती शोधायला कारकुनाला साल लागतं, आणि माणसाला साल आठवत नाही. अशा वेळी भावंडांची नावं, त्या वर्षीचे वर्गशिक्षक, बरोबरीच्या कुणाचा तरी दाखला यावरून सालाचा अंदाज बांधा आणि मागची-पुढची दोन वर्षं पाहायची विनंती करा. अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक द्यायचा, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच आणायची. तोंडी "पुढच्या आठवड्यात या" असे तीन-चार आठवडे गेले की माणूस खचतो. हातात पोच असली की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शाळाच बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं याची चौकशीही तिथेच करायची.

दाखला मिळाला की तो आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दाखल्यावर "सुनिता", आधारवर "सुनीता". दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे १ जानेवारी. मंडळ शाळेची नोंद धरतं, म्हणून परीक्षेचा अर्ज दाखल्यावरच्या नावानेच भरायचा. लग्न झालेल्या बाईला हे आधी समजावून सांगा, नाहीतर गुणपत्रिकेवर माहेरचं नाव पाहून घरात कुरबुर होते. शाळा सोडल्यावर दाखल्यातली नोंद बदलून घेणं हे लांबचं काम असतं. तारीख आधारवर चुकली असेल तर आधार दुरुस्त करा, पण घाईने नको: आधारवरची जन्मतारीख सामान्यपणे एकदाच बदलता येते.

अर्ज भरताना

सायबर कॅफेवाला वेळ वाचवायला स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतो. मग पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात, आणि त्याने दुकान हलवलं की अर्ज उघडायची सोय राहत नाही. नंबर अर्जदाराचाच हवा, नाहीतर घरातल्या कायम राहणाऱ्या माणसाचा. पासवर्ड कागदावर लिहून त्याच्याच पिशवीत द्या. मूळ कागद एक रात्रसुद्धा केंद्रात ठेवून घेऊ नका, झेरॉक्स ठेवा.

सतरा नंबरच्या फॉर्मने फक्त नावनोंदणी होते. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो आणि तो पुढे काही महिन्यांनी संपर्क केंद्रामार्फत, म्हणजे नेमून दिलेल्या शाळेमार्फत भरावा लागतो. नोंदणीचा कागद हातात आल्यावर लोक निर्धास्त होतात आणि दुसऱ्या अर्जाची तारीख हुकवतात. वहीत या दोन तारखा वेगळ्या शाईने लिहा.

तोंडी आणि अंतर्गत परीक्षेच्या गुणांचंही तसंच. पेपर ८० चा, बाकीचे २० गुण शाळेत मिळतात. बाहेरून बसणाऱ्याला वाटतं मार्चमध्ये पेपर द्यायचे की झालं. त्या वीस गुणांना गेलंच नाही तर पासचे पस्तीस ८० मधूनच काढावे लागतात. जानेवारी उजाडला की संपर्क केंद्रात स्वतः जाऊन तोंडीच्या तारखा विचारून या.

ऐकू कमी येणं, दिसायला त्रास, लिहिताना हात न चालणं किंवा अध्ययन अक्षमता असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. तासाला २० मिनिटं हे ठरलेलं प्रमाण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यातलाच एक. वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलाला "ढ" म्हणून सोडून दिलेलं असतं. त्याची तपासणी करून घ्या, आणि ती पावसाळ्यातच सुरू करा. प्रमाणपत्र, मग मंडळाची मंजुरी, यात महिने जातात.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. राज्य मंडळाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगाम चालू असताना. उचल घेतलेला माणूस मुकादमाला सांगून दहा-पंधरा दिवस गावी येईल, हे धरून चालू नका. अशांना आम्ही एनआयओएसच सुचवतो, कारण एप्रिल-मेची परीक्षा ते परतल्यावर येते. सोबत जाणाऱ्या मुलांसाठी निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा, ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसता येतं. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि आजी-आजोबा मागे राहत असतील तर मूल मागेच ठेवायचा आग्रह धरा.

अभ्यास

ऑगस्ट ते फेब्रुवारी मिळून साधारण २८ आठवडे मिळतात. आठवड्याला पाच तास धरले तर १४० तास. हे पुरतील का, हे ठरवायला दहा मिनिटांची चाचणी पुरेशी आहे: पाचवीच्या बालभारतीतला एक उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. दोन्ही जमलं तर येत्या मार्चची तयारी करा. अडखळत का होईना वाचता आलं तर एनआयओएसचे दोन विषय धरा. वाचताच येत नसेल तर हे वर्ष फक्त वाचन-लेखनाला द्या. तयारी नसताना परीक्षेला बसवलं आणि चार विषयांत राहिला, तर तो माणूस पुन्हा वही हातात घेत नाही.

पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषांचा पेपर आता कृतिपत्रिका असतो. आकृत्या पूर्ण करा, चौकटी भरा, असे प्रश्न. वीस वर्षांपूर्वी "संदर्भासह स्पष्टीकरण" पाठ केलेल्याला ती पाहून धडकीच भरते, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक जुनी कृतिपत्रिका सोबत बसून सोडवा.

पुढे बारावीचं मनात असणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: सतरा नंबरने बारावीला बसायला दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे बारावीच्या अटीच्या नोकरीसाठी आजपासून किमान तीन वर्षांचा हिशोब.

निकालाच्या दिवशी पहिला फोन राहिलेल्यांना करा. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, तिच्या अर्जाला दिवस थोडे मिळतात, आणि अर्ज पुन्हा त्याच शाळेतून जातो. पास झालेला स्वतःहून पेढे घेऊन येईल. राहिलेला मात्र फोनही उचलणार नाही. त्याच्या घरी जावं लागेल, जाताना राहिलेल्या विषयांची यादी आणि अर्जाची शेवटची तारीख लिहून न्या.