जुन्या डिझेल गाडीत ऊब कशी आणावी: आधी दुरुस्ती, मग शोध, मग नवा हीटर

लेकीला गाडीतल्या तिच्या खुर्चीवर बसवताना जाड जाकीट काढावंच लागतं. जाकिटावरून आवळलेला पट्टा हाताला घट्ट लागतो, पण धडक बसली की आतला कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून उणे सात अंशांतही चार वर्षांचं पोर नुसत्या स्वेटरवर बसतं, आणि आमची वीस वर्षांची डिझेल गाडी तोंडावर गार वारा सोडत राहते. बालवाडी बारा मिनिटांवर आहे. ती उतरते तेव्हा कुठे हीटर कोमट व्हायला लागतो.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. इथे नव्याने आलेली बरीच मराठी कुटुंबं पहिली गाडी जुनी घेतात आणि लांबच्या प्रवासाचा विचार करून डिझेल घेतात. पुण्यात किंवा नाशकात हीटरची कळ वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. त्यामुळे हीटर बिघडलाय की डिझेल गाडीचा तो स्वभावच आहे, हे ओळखण्याची सवय आपल्याला नसते. ही माहिती मी दोन हिवाळे खर्ची घालून जमवली आहे.

डिझेल गाडी उशिरा का तापते

केबिनची ऊब इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून येते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता वाया घालवतं. नुसतं उभं असताना ते तासाला जेमतेम अर्धा लिटर डिझेल जाळतं, आणि त्यातलीही बरीच ऊब सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत अर्धा तास इंजिन चालू ठेवूनही तापमानाचा काटा फारसा हलत नाही, तो म्हणूनच. शिवाय जर्मनीत वाहतूक नियमावलीच्या कलम ३० प्रमाणे विनाकारण इंजिन चालू ठेवायला मनाई आहे. तेव्हा हा मार्ग सोडून द्या.

पायरी १: आहे ती ऊब नीट येतेय का, ते तपासा

पहिल्या हिवाळ्यात मी थेट नव्या हीटरच्या किमती बघायला लागलो होतो. ओळखीच्या एका वयस्कर मेकॅनिकने बोनेट उघडलं, गाडी सुरू करून तीनेक मिनिटांनी रेडिएटरला जाणारी जाड होज (रबरी नळी) हाताने चाचपली आणि सांगितलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलाय. ते खरं निघालं. थर्मोस्टॅट बदलल्यावर अर्धी तक्रार मिटली.

ही तपासणी तुम्हालाही जमेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करा. कूलंट (इंजिनात फिरून उष्णता वाहून नेणारं पाणी) पुरेसं तापेपर्यंत, म्हणजे बऱ्याच इंजिनांत ८५ ते ९० अंशांपर्यंत, ती जाड होज थंडच राहायला हवी. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट बंद होत नाही. दुसरी खूण म्हणजे काटा गावात चढतो आणि महामार्गावर किंवा उतारावर पडतो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका. फोक्सवॅगन समूहाच्या कित्येक गाड्यांत तो मुद्दाम ९० वर स्थिर दाखवला जातो, खरं तापमान मधल्या पट्ट्यात कुठेही असलं तरी. निदानाच्या सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती जिथून वाचतात) स्वस्तातला रीडर लावून तापमानाचा आकडा वाचा.

इंजिन तापतंय पण केबिन नाही, असं असेल तर इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन बारीक होज चाचपा. दोन्ही गरम असतील तर ऊब आत पोचतेय. दोष हवेच्या झडपेत किंवा तिच्या मोटरीत आहे. एक कढत आणि दुसरी कोमट असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गाळाने चोंदलाय. इंजिन थंड असताना दोन्ही होज सोडून त्यातून उलट्या दिशेने पाणी सोडता येतं, पण नळाचा पूर्ण दाब लावू नका; जुना रेडिएटर आतच फुटला तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबा आणि कूलंट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचंच भरा. जुनं निळं-हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळलं तर तपकिरी राळ होऊ शकते, आणि नुकताच मोकळा केलेला मार्ग पुन्हा बुजतो.

केबिनचा एअर फिल्टरही बघा. तो बुजला की वारा कमी येतो, काचेवर वाफ धरते आणि हीटर कमजोर आहे असं वाटतं.

पायरी २: गाडीत आधीपासून काही बसवलंय का, ते शोधा

माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारी पायरी हीच आहे. थंड देशांत विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत कारखान्यातूनच जादा हीटर बसवलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला त्याचा पत्ता नसतो.

तीन प्रकार आढळतात. फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीतल्या टीडीआय या डिझेल गाडीसारख्या गाड्यांत कूलंटच्या वाटेतच तीन ग्लो प्लग (विजेने तापणाऱ्या कांड्या) असतात. अल्टरनेटरकडे वीज शिल्लक असेल तेव्हा इंजिनाचा संगणक ते चालू करतो. एखादा प्लग तुटला तरी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं मेलेलेच राहतात. वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, एका ओहमच्या आसपास असतो. तुटलेला काहीच दाखवत नाही.

दुसरा प्रकार हवेच्या वाटेतला विजेवरचा हीटर. त्याला इथे सगळे पीटीसी म्हणतात. इंजिन थंड असतानाही सुरू केल्यावर एखाद-दोन मिनिटांत किंचित कोमट वारा येत असेल तर तो आहे आणि चालतो आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत मोलाचा: डिझेल जाळून कूलंट तापवणारा बर्नर. जर्मन लोक त्याला त्सूहाइत्सर म्हणतात. शरान, टूरान, ट्रान्सपोर्टर अशा मोठ्या गाड्यांत तो पुष्कळदा सापडतो. थंड सकाळी गाडी सुरू केल्यावर पुढच्या चाकाच्या बाजूने घरघर येते का, बोटाएवढ्या नळीतून थोडा धूर आणि डिझेलचा वास येतो का, ते बघा. चाकामागचं प्लास्टिक काढलं की बर्नरचा डबा दिसतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत निदान संगणकावर १८ क्रमांकाचं मॉड्यूल उत्तर देत असेल तर शंका उरत नाही.

पायरी ३: काय बसवायचं ते ठरवा

सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे बारा व्होल्टचे छोटे हीटर घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १८० वॉट. केस वाळवायचं यंत्र याच्या कितीतरी पट तापतं. मोठा विद्युत हीटर लावायचा म्हटलं तर ९० अँपिअरचा जुना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने मिळून सव्वा किलोवॅटच देतो, आणि त्यातूनच दिवे, वायपर आणि मागच्या काचेची जाळीही चालवायची असते.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये पार्किंगच्या जागी विजेचं सॉकेट असतं. तिथे २३० व्होल्टवर इंजिन तापवणारा हीटर आणि केबिनमध्ये छोटा पंखा-हीटर हा स्वस्त आणि शांत उपाय आहे. स्वतःचं गॅरेज असेल तर जर्मनीतही जमतो. चौथ्या मजल्यावर राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

राहिला डिझेलवरचा. हवा तापवणारा दोन किलोवॅटचा हीटर व्हॅन आणि ट्रकसाठी उत्तम, पण लहान गाडीत जागा खातो आणि इंजिन थंडच ठेवतो. घरच्या गाडीसाठी कूलंट तापवणारा पाच किलोवॅटचा घ्या. वेबास्टो आणि एबरश्पेशर ही यातली दोन जुनी नावं, आणि दोघांची सुरुवात आमच्या शेजारच्या एस्लिंगेन गावची.

पाच किलोवॅट पुरतात का, याचा हिशेब मी मांडून पाहिला. आठ लिटर कूलंट आणि शंभरेक किलोचं बिडाचं इंजिन साठ अंशांनी तापवायला साधारण साडेचार मेगाज्यूल लागतात; पाच किलोवॅटला पंधरा मिनिटं. बाहेर उडून जाणारी ऊब धरली तर वीस ते तीस मिनिटं. पूर्ण जोरावर हा हीटर तासाला सुमारे ०.६ लिटर डिझेल खातो, म्हणजे एका सकाळचा खर्च पाव लिटरच्या आसपास.

पायरी ४: त्सूहाइत्सर असेल तर त्याला बढती द्या

कारखान्याचा त्सूहाइत्सर इंजिन चालू असतानाच पेटतो. बर्नर मात्र पार्किंग हीटरचाच (इंजिन बंद असतानाही चालणाऱ्या हीटरचा) किंवा जवळपास तोच असतो. इंजिन बंद असताना चालवायला त्याला तीन गोष्टी लागतात: कूलंट फिरवणारा छोटा विद्युत पंप, सुरू करायला टायमर किंवा रिमोट, आणि केबिनच्या पंख्याला वीज देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच). काही गाड्यांत पंप आधीच असतो. डब्यावरचा भाग-क्रमांक लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाला जुळणारा जोडसंच मागवा. एकाच नावाच्या हीटरच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात.

पंपावर प्रवाहाचा बाण असतो, तो पाळा. पंप कूलंटच्या टाकीपेक्षा खाली हवा, नाहीतर हवा अडकते. साध्या गोल कळांच्या एसीला एक रिले पुरतो. स्वयंचलित एसी असेल तर त्या गाडीसाठीचं वेगळं मॉड्यूल लागतं.

पायरी ५: काहीच नसेल तर नवा बसवा

नवा हीटर मजुरीसकट हजार ते दोन हजार युरोंच्या घरात जातो. गाडीचं मोलच तेवढं असेल तर वापरलेला हीटर घेऊन स्वतः बसवायचा मोह होतो. तारा आणि होज हे काम सफाईदार हाताला जमेल. डिझेलची नळी आणि धुराची नळी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, किंवा निदान त्याला दाखवल्याशिवाय पेटवू नका. इथे चूक झाली तर विषारी वायू केबिनमध्ये येतो, आणि मागे मूल बसलेलं असतं.

आधी मान्यतेचा शिक्का बघा. जर्मनीत डिझेल जाळणाऱ्या हीटरला मान्यता बंधनकारक आहे. डब्यावर ई-चिन्ह आणि आर १२२ हा क्रमांक असायला हवा. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त डब्यांवर ते नसेल तर घेऊ नका. पहिल्यांदा वापरल्याचं वर्ष हीटरवरच्या माहितीच्या पट्टीवर कायमचं नोंदवायचं असतं. शंका असेल तर बसवण्याआधीच ट्यूफच्या (गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) केंद्रात विचारा.

कामाचा क्रम असा. बॅटरीची ऋण तार काढा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. डबा चाकामागे किंवा बंपरमागे, टाकीतल्या कूलंटच्या पातळीपेक्षा खाली बसवा. इंजिनाकडून केबिनकडे जाणारी होज कापून हीटर तिच्या मधे जोडा: इंजिनाकडचं टोक हीटरच्या आत जाणाऱ्या तोंडाला, बाहेर येणारं तोंड केबिनच्या रेडिएटरला. डिझेलसाठी डिझेलच्या टाकीतून स्वतंत्र बारीक नळी घ्या. मोजून डिझेल ढकलणारा पंप त्या टाकीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, तोंड वरच्या दिशेला तिरकं ठेवून रबरी आधारावर बसवा. आडवा बसवला तर बुडबुडे अडकतात आणि ज्योत विझते. धुराची नळी पूर्ण लांबीभर धातूची, तोंड खिडक्या आणि हवा आत घेणाऱ्या जाळीपासून दूर. सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला बारीक छिद्र. डॅशबोर्डखाली तार ओढताना पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

कूलंट भरा, हवा काढा आणि मगच पेटवा. पहिले काही प्रयत्न फुकट जातील, कारण नळी रिकामी असते. मग पंपाची टिकटिक, थोडा पांढरा धूर आणि पाठोपाठ घरघर. धूर मिनिटभराने थांबायला हवा. बंद केल्यावरही हीटरचा आतला पंखा दोन-तीन मिनिटं चालतो. तो ज्योतीचा डबा थंड करत असतो, तेवढ्यात बॅटरी तोडू नका.

पायरी ६: वापरताना

रात्री गाडी बंद करण्यापूर्वी कळ गरमवर, झोत काचेकडे, पंखा एकवर ठेवा. पंखा जोरात ठेवला तर बॅटरी उतरते आणि कूलंट तापत नाही. हीटर आणि पंखा मिळून अर्ध्या तासात चार-पाच अँपिअर-तास खातात. जेवढा वेळ तापवाल तेवढा वेळ गाडी चालवा, हा जुना नियम बरोबर आहे. आमच्यासारखी बारा मिनिटांचीच धाव असेल तर वीस मिनिटांवर थांबा, रविवारी लांब चक्कर मारा किंवा बॅटरी घरी आणून चार्ज करा.

बंद गॅरेजमध्ये हीटर कधीच चालवू नका. पेट्रोल पंपावर डिझेल भरताना तो बंद असायलाच हवा. टायमर लावला असेल तर पंपावर पोचण्याआधी तो रद्द करा, कारण वेळ झाली की तो आपोआप पेटतो.

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, दहा मिनिटं पेटवा. नळीतलं डिझेल जुनं होत नाही, पंप अडकत नाही आणि ज्योतीच्या डब्यात काजळी धरत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडी धुवायच्या आधी हे करतो. त्या नळीतून धूर येताना बघायला लेक न चुकता खाली येते. तिला लांब उभं करतो आणि मगच बटण दाबतो.