कूलरचं पाणी उडून बंद पडलेला टीव्ही : माझा अनुभव

कूलरचे तुषार एलईडी टीव्हीच्या मागे गेले. लाल दिवा लुकलुकायचा, पडदा काळाच. हेअर ड्रायर लावून पाहिला, नागपूरचं मे महिन्याचं ऊन दाखवलं. सगळं फुकट, नुसता वैताग! पाणी सुकलं तरी आतल्या सर्किट बोर्डावर क्षारांचा पांढरा थर राहतो, वीज त्यातून वाट काढते.

जमलं ते असं. आधी प्लग काढला. मागचं झाकण उघडून पॉवर बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरला (वीज साठवणारा भाग) मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावला. प्लग काढल्यावरही तिथे ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी साठलेला असू शकतो. तो साठा हळूहळू उतरवायला २ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग) इन्सुलेटेड पकडीने दोन्ही टोकांना धरला (स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका). मीटर शून्यावर आल्यावरच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने थर काढला, रात्रभर सुकवून प्लग लावला. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही असेल, तर मेकॅनिकच बोलवा. तिथे वीसेक हजार व्होल्ट असतात.