सोलापूरच्या उन्हाळ्यात डायलिसिसच्या पेशंटचं पाणी कसं सांभाळायचं

बायकोचं डायलिसिस सुरू होऊन सहा वर्षं झाली, म्हणजे सोलापूरचे सहा उन्हाळे काढलेत. एवढ्या काळात पाण्याबद्दल मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्न जमवतानाही मिळाले नव्हते, आणि त्यातले निम्मे जरी ऐकले असते तर ती आज आत बसून लसूण सोलत नसती. "पाणी कमी द्या" हे तर सगळेच सांगतात. कमी द्यायचं कसं ते कोणी सांगत नाही. बाहेर ४२-४३ डिग्री, वर तापलेला स्लॅब, आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय दिवसाला ८०० मिली, त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट सगळं आलं.

फाइल, गाडी, कुठल्या दिवशी कोण सोबत जाणार हे तुम्ही लावलंच असेल. खर्चाचं अडत असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड-आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. हे झालं की मुद्द्यावर येऊ.

पहिलं काम, वजनकाटा आणा. डिजिटल. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच एका गाऊनवर वजन घ्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, इतका सोपा हिशेब आहे. हिचं ड्राय वेट ५२ आहे, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये ते दोन किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही असं आम्हाला सांगितलंय. त्याच्यावर गेलं की मशीनला चार तासात जास्त पाणी ओढावं लागतं, मग बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि घरी आल्यावर माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत उठत नाही.

दुसरं, पाण्याचा आकडा शेजारच्या पेशंटचा उचलू नका. २४ तासांची लघवी मापाच्या भांड्यात साठवून मोजायची आणि डॉक्टरांना सांगायची. साधारण जेवढी लघवी तेवढं अधिक ५०० मिली असा तो हिशेब असतो, हिची ३०० व्हायची म्हणून ८००. लघवी हळूहळू कमी होत जाते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजा, दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर चालवू नका. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने पेनकिलर आणू नका, किडनीत जे काही थोडं उरलंय तेही त्याने जातं.

आता खरी अडचणीची गोष्ट. तहान.

पहिल्या उन्हाळ्यात मी काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. मी पोलीस झालो. माठ उचलून गच्चीवरच्या खोलीत ठेवला, फ्रीजमधल्या बाटल्या काढल्या, तिला तासातासाला फुलपात्रातून मोजून पाणी द्यायचो आणि वर वहीत टिक करायचो. मला वाटायचं काय सिस्टिम बसवलीय आपण. वजन तरी तीन-साडेतीन किलो वाढलेलंच. तिला विचारलं की म्हणायची, तुमचा काटा खराब आहे. मी खरंच काटा बदलून आणला!

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पण कधी पहाटे तीनला कधी चारला, हे सोलापूरकरांना सांगायला नको. अशाच एका पहाटे मोटर लावायला उठलो तर बाथरूमचा लाइट चालू. ही नळाखाली वाकून, एका हाताने केस मागे धरून, तोंड लावून पाणी पितेय. बादली शेजारी तशीच कोरडी. मला बघून दचकली पण तोंड काढलं नाही, आणखी दोन घोट घेतले, मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "अहो, एकदा पोटभर प्यायचं होतं हो." मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

त्या दिवशी वजन ३.८ किलो जास्त. डायलिसिसच्या टेक्निशियनला मी तक्रार केली, ही ऐकत नाही, चोरून पिते. त्याने सुई लावता लावता मला एकच विचारलं, काल रात्री जेवायला काय होतं? मी सांगितलं, हिच्या तोंडाला चव नव्हती म्हणून कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर एक भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड. मीच प्रेमाने वाढलेलं. तो म्हणाला, मग काका, पाणी तुम्हीच पाजलं की.

तेव्हा डोक्यात शिरलं. अंगात साधारण ८ ग्रॅम मीठ जादा गेलं की ते १ लिटर पाणी धरून ठेवतं, आणि तेवढं पाणी प्यायल्याशिवाय तहान हटतच नाही. ती मनाची कमजोरी नाही, रक्तातलं मीठ वाढलं की मेंदू पाणी मागणारच. खारट खायला घालून पाणी तोडणं म्हणजे माणसाला छळणं आहे, आणि आपल्या घराघरात तेच चाललंय. म्हणून माझं ठाम मत आहे, पाण्यावर पहारा ठेवायच्या आधी मिठावर ठेवा. मीठ आवरलं तर पाणी अर्धं आपोआप आवरतं. मीठ न आवरता तुम्ही माठाला कुलूप लावा नाहीतर बँकेत ठेवा, काही उपयोग नाही.

मिठाचं आम्ही असं केलं. घरातला सगळा स्वयंपाक बिनमिठाचा. सगळ्यांचाच, एकटीचा नाही, कारण दोन पातेली करायला गेलं की पंधरा दिवसात बारगळतं आणि हिला वाळीत टाकल्यासारखं वाटतं ते वेगळंच. सकाळी एका लहान डबीत तिचं दिवसाचं मीठ काढायचं, चहाचा अर्धा चमचा, सपाट. (दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, ही वरची हद्द, पण दूध-भाज्यांत थोडं असतंच आणि बाहेरचं काही पोटात जातंच, म्हणून आम्ही अर्ध्यावर थांबतो.) ती डबी तिच्या हातात. जेवताना तीच वरून भुरभुरते. वरून टाकलेलं मीठ जिभेला आधी लागतं, शिजवताना घातलेलं लागत नाही, त्यामुळे थोडक्यात भागतं. आम्ही बाकीचे आपापलं मीठ ताटात घेतो. पहिले दोन आठवडे मुलगा ताट बघून तोंड वाकडं करायचा. नंतर हॉटेलचं जेवण खारट लागायला लागलं त्याला.

ज्वारीची भाकरी बिनमिठाचीच असते, मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर नुसतीही गोड लागते, तिथे आपलं नशीब चांगलं. पाव, खारी, टोस्ट यात मीठ असतं. पापडात मीठ तर असतंच, वर पापडखार, आणि खायचा सोडाही त्याच जातीचा, मिठातलं सोडियम त्यातही असतं, म्हणून भजी-ढोकळा बंद. अ‍ॅसिडिटीसाठी पाण्यात टाकून फसफसणारी पावडर मिळते ती पण नाही. शेंगाची चटणी सोलापूरच्या माणसाला बंद करा म्हणणं म्हणजे पाप आहे, पण विकतची बंदच. घरी लसूण, जिरं, लाल तिखट कुटून त्यात नावापुरते शेंगदाणे घालतो, मीठ नाही, एक चमचा पुरते. लिंबू, लसूण, कोथिंबीर, कच्चा कांदा, खमंग फोडणी यावर चव निघते, जरा दम धरावा लागतो.

इथे एक ताकीद देतो. कोणीतरी हमखास सांगतं, मग लो सोडियम मीठ आणा की. आणू नका! त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि पोटॅशियम रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस काही कळायच्या आत जाऊ शकतो. सैंधव म्हणाल तर ते शेवटी मीठच आहे, गुलाबी रंगाला भुलू नका.

तिला शुगर आहे. तुमच्याकडेही असेल तर लक्षात ठेवा, शुगर वाढली तरी घसा कोरडा पडतो. मीठ बरोबर आणि तरी तहान तहान होतेय, तर आधी शुगर तपासा.

मग पाणी. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरायचं आणि बाटली पेशंटकडे द्यायची. तुमच्याकडे नाही. चहा घेतला की तेवढं बाटलीतून झाडाला ओतायचं, आमटीची वाटी घेतली की तेवढं ओतायचं (आपल्या वाट्या आधी एकदा पाण्याने भरून मोजून ठेवा, आमची १५० मिलीची निघाली, मी शंभरची धरून चाललो होतो). उरलंय किती ते डोळ्यांना दिसतं, वहीची गरज नाही. तुळस बाकी मस्त फोफावली आमची. पहिल्या दिवशी तिने दुपारी दोनपर्यंत बाटली संपवली आणि संध्याकाळी रडली. मी गप्प बसलो, फार अवघड गेलं. चौथ्या दिवसापासून रात्री झोपताना चार घोट उरवायला लागली. आपल्या हाताने राखलेलं पाणी माणूस जपून पितो, दुसऱ्याने मोजून दिलेलं चोरून पितो.

उन्हाळ्यात त्यातलं २०० मिली पाणी मी बर्फाच्या ट्रेत लावतो. ट्रेच्या एका खड्ड्यात किती मावतं ते सिरिंजने मोजा, आमच्यात १५ मिली मावतं. एक खडा तोंडात दहा मिनिटं टिकतो, तेवढंच पाणी घोटाने घेतलं तर घशातून कधी गेलं कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त असतात, आठ-दहा मणी फ्रीजरमध्ये टाकून एकेक चघळायचे. पण बेदाणे नाहीत, वाळवलं की पोटॅशियम तेवढ्यातच गोळा होतं. गार पाण्याने चूळ भरणं, वेलदोडा चघळणं चालतं. खिडकीला ओला पडदा, अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही, आणि मानेवर आपला सोलापुरी टॉवेल भिजवून पिळून टाकायचा, एवढा पाणी शोषणारा टॉवेल गावात बनतो तो काय फक्त पाहुण्यांना भेट द्यायला का. घाम येतो म्हणून मनाने पाणी वाढवायचं नाही, डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

भाज्यांचं थोडक्यात: साल काढा, बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, मग फोडणी. पोटॅशियम सगळं जात नाही, कमी होतं, म्हणून बटाटा असा करूनही वाटीभर खायचा नसतो. आषाढीच्या उपवासाला पंढरपूर जवळ आहे म्हणून भाविकपणा जास्त उतू जातो आमच्याकडे, पण रताळी, बटाटे, शेंगदाणे सगळा पोटॅशियमचाच फराळ. पांडुरंग समजून घेतो, हिने उपवास सोडलाय.

फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला ऑपरेशन करून जिथे नस जोडलेली असते तो हात: त्या हातावर बीपी नाही, डायलिसिस सोडून दुसरी सुई नाही, घट्ट बांगडी नाही, पिशवी उचलायची नाही. रोज सकाळी बोट ठेवून थरथर बघायची. थरथर लागली नाही तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

भेटायला येणारे नारळपाणी घेऊन येतात. "वहिनींना द्या की, एवढं ऊन पडलंय." नारळपाणी, मोसंबी ज्यूस, केळी, ओआरएस, यातलं काहीही नाही, सगळ्यात पोटॅशियम आहे. आणि डाळिंब तर सोलापूरचंच, जीआय टॅगवालं, प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत असतं, त्यातही पोटॅशियम कमी नाही. मी आधी समजावून सांगायचो, आता दारातच घेऊन थँक्यू म्हणतो आणि मुलाच्या डब्यात देतो.

ज्यांचं आठवड्याला दोनदाच डायलिसिस होतं त्यांच्या मधल्या लांब गॅपमध्ये जास्त जपा. लग्न, जेवणावळी नेमक्या त्याच दिवसांत येतात. आम्ही घरून जेवून जातो, आहेर देतो, फोटो काढतो आणि निघतो. आडवं झाल्यावर दम लागला, रात्री दोन उशा लागायला लागल्या, पाय सुजले, किंवा एकदम पायातलं बळ गेलं, छातीत धडधड झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्र आहे, कोणाला त्रास द्यायचा, असं म्हणत मी एकदा पहाटेपर्यंत थांबलो होतो. परत कधी थांबणार नाही.

राहिलं तुमचं स्वतःचं पाणी. मी वर्षभर तिच्यासमोर पाणी प्यायलो नाही, गच्चीवर जाऊन माठातलं प्यायचो. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही वर जाऊन तांब्या तोंडावर धरता ना, त्या घटाघटाचा आवाज जिन्यातून खाली येतो. त्यापेक्षा समोर प्या." माठ खाली आणला. आता समोरच पितो, फुलपात्राला तोंड लावून.